दाणे जरा करपलेले

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. पडेगावात रस्त्याला लागून माझं नाश्त्याचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार टेबलं, एक भट्टी, मी आणि बायको. पोहे, भजी, धपाटे असतातच, पण लोक येतात ते सुशीलेसाठी. चुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतायचे, वरून डाळव्याचं कूट आणि शेंगदाणे. मराठवाड्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. डिलिव्हरीच्या अ‍ॅपवाल्यांना मात्र सांगावं लागलं.

माहेरी आलेल्या पोरीनं हट्टानं हॉटेल अ‍ॅपवर टाकलं. तिसऱ्या दिवशी कुठल्या तरी शहरातून एका बाईंचा फोन. "सर, आपने मेन्यू में किसी लेडीज का नाम डाला है. पर्सनल नेम अलाउड नहीं है." मी म्हटलं, "मॅडम, सुशीला खाने की चीज है." बायको हसून हसून खाली बसली. "अवो, जेलात घालतील तुम्हाला!" शेवटी मेन्यूत 'चुरमुऱ्याची सुशीला' असं लिहिलं. तरी डिलिव्हरीवाले दारातनंच ओरडायचे, "काका, सुशीला हुई क्या?" आणि रस्त्यानं जाणारे वळून बघायचे.

पण मला ते अ‍ॅप डोळ्यांसमोर नको होतं. समोर बसलेलं गिऱ्हाईक पहिला घास घेतं तेव्हा त्याच्या तोंडाकडं बघून मला कळतं, मीठ कसं पडलंय. डब्याला तोंड असतं का? वाफेनं सुशीला मऊ पडते ती वेगळीच. वर त्यांचं कमिशन, आणि वर 'कमी तिखट' म्हणून फर्मान. दुपारी टपरीवर आम्ही हॉटेलवाले चहाला जमतो आणि अ‍ॅपला पोटभर शिव्या घालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचेच ऑर्डरचे टॅब चालू. कुणाचं हॉटेल आतल्या गल्लीत, कुणाकडं पावसाळ्यात चिटपाखरू फिरकत नाही, कुणाला वाटतं आपण बंद केलं तर शेजारचा आपला धंदा खाऊन जाईल. मी मात्र पक्कं ठरवलं होतं, महिना संपला की बंद. घरात तसं जाहीरही केलं.

त्याच आठवड्यात एक ऑर्डर आली. आमच्या टॅबवर गिऱ्हाईकाचं नाव-गाव काही दिसत नाही, ऑर्डरचा नंबर आणि खाली सूचना तेवढी. सूचना अशी: "लिंबू नको. दाणे जरा करपलेले पाहिजेत."

मी भडकलोच. "करपलेले? चेष्टा लावली का? आजवर या हॉटेलातनं करपलेलं काही गेलं नाय!" चांगले खरपूस दाणे घालून पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी झारा हातात घेऊन ती ओळ वाचत होतो आणि एकदम हात थांबला.

आमची आई चुलीवर दाणे ठेवून पाणी भरायला जायची आणि हमखास करपवायची. कडू लागायचे ते. मी भोकाड पसरायचो. मग थोरला भाऊ माझ्या ताटलीतले काळे दाणे वेचून आपल्या ताटलीत घ्यायचा. "मला आवडतात," म्हणायचा. आवडतात कसले! पण आईला वाईट वाटू नये आणि मी गप बसावं म्हणून खाता खाता त्याची जीभच तशी झाली. करपलेले दाणे मागून खाणारा माणूस माझ्या माहितीत एकच.

आणि त्या माणसाशी मी चार वर्षं बोलत नव्हतो. पोरीच्या लग्नात, ऐन पंगतीत, व्याह्यांच्या देखत दादा म्हणाले होते, "ह्याला साधी सुशीला जमत नाय, आन् हॉटेल काढलंय!" सगळे खदाखदा हसले. त्यांनी गंमत केली होती, हे आज कळतं. तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणालो, "मग माझ्या हॉटेलात पाऊल ठेवू नका." त्यांनी ठेवलं नाही. शेवटी भाऊ माझेच.

डिलिव्हरीवाला आला तसं त्याला विचारलं, "ये कहाँ जाता रे?"

"छावणी में, काका. एक बुड्ढे बाबा हैं. खुदीच दरवाजे पे खडे रहते. बहोत गुस्से में रहते."

दादाच! छावणीतच राहायचे ते. एवढा आनंद झाला, एवढा आनंद झाला, की कढईतली भजी काळी ठिक्कर पडली तरी मला पत्ता नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग जावा की छावणीत, दहा मिंटाचा रस्ता हाय."

"मी का म्हणून जाऊ? ते बोलले होते."

"मग बंद करा ते अ‍ॅप."

"बघू," मी म्हणालो.

महिना संपला, अ‍ॅप चालूच राहिलं. दादांना माझ्या दारात यावं लागत नव्हतं, मला त्यांच्या दारात जावं लागत नव्हतं, आणि रोज सकाळी माझ्या हातचं त्यांच्या पोटात जात होतं. दाणे मी आता घड्याळ लावून करपवायला लागलो. एके दिवशी अ‍ॅपवर त्यांचा शेरा आला. तीन तारे. "मीठ बरं. दाणे नीट करपले नाहीत. शिकायला पाहिजे." शिकायला पाहिजे म्हणे! मी तणतणत पोरीला फोन केला, उत्तर कसं द्यायचं ते विचारून घेतलं आणि लिहिलं, "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. उद्या बघा." दोन दिवसांनी चार तारे. "सुधारणा आहे." त्या दिवशी मी प्रत्येक गिऱ्हाईकाला एक भजं जास्त वाढलं.

टपरीवर कुणीतरी विचारलं, "तू बंद करणार व्हतास ना रे?" मी म्हटलं, "धंदा हाय बाबा, ठेवावं लागतं." साफ खोटं बोललो.

मग एका रविवारी तीच ऑर्डर आली, पण खाली वेगळंच लिहिलेलं: गिऱ्हाईक स्वतः घ्यायला येणार. मी तीनदा वाचलं. टेबल पुसलं, परत पुसलं. बायको म्हणाली, "आता त्याचा रंग जाईल."

दादा आले. लई वाळले होते. मोबाईल माझ्यापुढं धरला, कचेरीत अर्ज धरतात तसा, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "ऑर्डर हाय. पार्सल."

"झालंय," मी म्हणालो. "पण पार्सलमधी मऊ पडतं. बसून खा, दादा."

दादांनी मोबाईल खिशात घातला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी ताटली त्यांच्यापुढं ठेवली आणि झटकन भट्टीकडं तोंड केलं, कारण डोळे भरून आले होते आणि मला ते त्यांना दाखवायचे नव्हते. मागं नुसता चमच्याचा आवाज. बराच वेळ. मग तोही थांबला.

"अजून वाढ की रं," दादा म्हणाले.