कागद बदलायचे राहून गेले

आत्या गेली, असा दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी एमआयडीसीत, बियाण्यांच्या प्लांटमध्ये ड्यूटीवर होतो. खरं सांगतो, आधी रडू आलं नाही. आधी आठवला तो घरात कपाटावर ठेवलेला तिचा प्रेस.

कुसुमआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण, जालन्याच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. निवृत्तीनंतर तिने एकच ध्यास घेतला. रस्त्याकडेची झाडंझुडपं कॉलेजच्या हर्बेरियमसाठी, म्हणजे वनस्पतिसंग्रहासाठी, वाळवून, नावानिशी ठेवायची. प्रेस म्हणजे दोन लाकडी फळ्या, मध्ये वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबलेली रोपं आणि वरून करकचून आवळलेले पट्टे. रविवारी गाडी मी चालवायचो. ती मागून पाठीवर थापट्या मारायची, "थांब, थांब, गेलं नं मागं!" कुठे मिळालं, फुलाचा रंग काय, सगळं जागेवरच वहीत लिहायची, घरी जाऊन लिहिलेलं तिला बिलकुल चालत नसे. टाकळा, आघाडा असल्या तणांसाठी एवढा आटापिटा बघून टपरीवरची माणसं हसायची. मीही हसायचो.

शेवटच्या फेरीत वडीगोद्रीच्या अलीकडे, रुंदीकरणाच्या खुणा मारलेल्या कडेला, तिला निळसर फुलांचं वीतभर रोप दिसलं. तसं दुसरं आसपास कुठेच नव्हतं. एकटं रोप उपटायचं नाही, हा तिचा नियम. बराच वेळ ती नुसती उकिडवी बसून राहिली. "उद्या इथं जेसीबी येऊन राह्यलाय," असं म्हणून तिने ते खुरप्याने मुळासकट काढलं. वहीत नावाची जागा कोरी सोडली. "वाळू दे. मंग बसून शोधू."

दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ओल्या रोपांचे कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर पावसाळी हवेत बुरशी धरते. ते काम तिने माझ्यावर सोपवलं. प्लांटमध्ये हंगामाची घाई, त्यात दवाखान्याच्या खेपा... आज करू, उद्या करू. नाकात नळी असतानाही ती रोज विचारायची,

"कागद बदलले का रे?"

"हो आत्या. रोज बराबर बदलून राह्यलो."

"फुलाचा रंग उडला का?"

"न्हाई. बिलकुल न्हाई."

ती समाधानाने डोळे मिटायची. माझी लाज मलाच वाटायची, पण घरी पोचेपर्यंत विसरून जायचो.

तेराव्यानंतर पट्टे सोडले. कागद एकमेकांना चिकटले होते. रोपाच्या जागी काळा, लिबलिबीत डाग आणि त्यावर पांढरी बुरशी. तसाच गाडी काढून वडीगोद्रीला गेलो. तिथे मुरूम पसरलेला, त्यावरून रोलर फिरत होता. कॉलेजातल्या सरांनी डाग पाहिला आणि मान हलवली. यावरून नाव सांगता येणार नाही. बियाण्यांची उगवण तपासून पोट भरणारा मी... मला एक रोप वाळवता आलं नाही.

प्रेस अजून कपाटावरच आहे. ड्यूटीला निघण्याआधी मी रोज पट्टे सोडतो, कागद बदलतो, पुन्हा आवळतो. बायको म्हणते, "आता काय राह्यलं त्याच्यात?" काही राहिलेलं नाही, मला ठाऊक आहे. पण सकाळ झाली की आत्या विचारते, आणि आता मला खोटं बोलवत नाही.