फक्कीच्या घरात झोपणारे पगारेसाहेब

पगारेसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते आडवे पडलेले होते. इंदिरानगरच्या पलीकडे तेव्हा नुसता मुरमाड माळ होता. त्या माळावर भर दुपारी पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट आणि तोंडावर रुमाल अशा थाटात एक गृहस्थ उताणे पडले होते. मी नकाशे शाईने गिरवायच्या नोकरीवर रुजू व्हायला आले होते. ऑफिसात सांगितलं होतं, साहेब साइटवर आहेत, तिकडेच जा. मला वाटलं, माणसाला ऊन लागलं. मी घाबरून जवळच्या गवंड्याला हाक मारली. तो लिंबाखाली विडी ओढत बसला होता. जागचा न हलता म्हणाला, "काय नाय बाई, साहेब झोपून बघत्यात."

मग माझं लक्ष जमिनीकडे गेलं. साहेबांच्या चारी बाजूंना चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या. दोन खोल्या, ओटा, मोरी, दारासाठी सोडलेली जागा. अजून न बांधलेल्या घराचा खऱ्या मापाचा नकाशाच होता तो. साहेबांनी रुमाल बाजूला केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आहेरबाई ना तुम्ही? नवीन ट्रेसर? अहो, मोरीतून काय येताय, दारातून या." मी मुकाट्याने वळसा घालून, नसलेल्या दारातून आत गेले. "बसा," म्हणाले. नवी साडी नेसून मी मुरमात बसले. ही नोकरी आपल्याला झेपणार नाही, असं मला तेव्हाच वाटलं होतं. पुढे नऊ वर्षं टिकले.

आमचं ऑफिस म्हणजे गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याचा भाड्याचा वरचा मजला. नाशिकची एक गृहनिर्माण संस्था आणि हॉलंडमधल्या एका विद्यापीठाचं घरबांधणीचं खातं, अशा दोघांनी मिळून एक वसाहत उभी करायची ठरवली होती. सत्तरचं दशक संपत आलेलं, सिमेंट परवान्यावर, आणि परवाना ओळखीवर. म्हणून मातीत नावापुरतं सिमेंट मिसळून हाताने दाबलेल्या, न भाजलेल्या विटांची घरं बांधायची. ती अशी बसवायची की मधे झाडांना आणि पावसाचं पाणी मुरायला जागा उरेल. विटा दाबायचं यंत्र तिकडून आलं आणि त्याच्या मागोमाग यान नावाचा इंजिनिअर आला. हा यान इतका उंच होता की आमच्या दारातून त्याला वाकूनच यावं लागे, आणि तो रोज विसरे. इकडच्या बाजूचे प्रमुख पगारेसाहेब. दोघांचं इंग्रजी दोन गावचं होतं, पण दिवसभर कडाकडा वाद घालून संध्याकाळी एकाच किटलीतला चहा प्यायचे.

साहेबांची पद्धत अशी की नकाशा पक्का करण्याआधी माळावर फक्की मारायची आणि ज्यांना घर मिळणार त्या कुटुंबांना तिथे बोलवायचं. "कागदावरचं घर कुणालाही आवडतं," असं ते म्हणायचे. "झोपून बघा, मग बोला." कारखान्यातले कामगार, शाळांतले शिपाई, आमच्या साहेबांच्याच समाजातली शहरातली बौद्ध कुटुंबं, पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ भागातून मजुरीला आलेली माणसं, सगळी येऊन त्या रेघांमध्ये बसायची. बाया स्टोव्ह कुठे राहील ते बघायच्या. एकदा शिरसाठांच्या सुनेने भिंतीची रेघ सरळ पायाने पुसली. "हितं भिंत आली तर आत्याबाईंची खाट कुठं टाकू? त्यांना मी रोज दिसले पाहिजे, नाय तर हाका मारून जीव खात्यात." साहेब खूश. आठवडाभर शाई भरून केलेलं ते ट्रेसिंग मी ब्लेडने खरवडत बसले आणि शिरसाठांच्या आत्याबाईंना मनातल्या मनात चार गोष्टी ऐकवल्या.

हे झोपून बघायचं खूळ आलं कुठून, ते मी एकदा चहाच्या वेळी विचारलं. यानही तिथेच होता. साहेबांचे वडील रेल्वेत हमाल होते. नाशिकरोडला एका खोलीत मोठं कुटुंब. सगळी मुलं झोपली की उरलेल्या जागेत वडील दाराशी पडायचे. "माझ्या वडिलांचे पाय आयुष्यभर उंबऱ्याबाहेर झोपले, आहेरबाई. पावसाळ्यात आई त्यांच्या पायांवर गोणपाट टाकायची." हे त्यांनी खोलीचं माप सांगावं तितक्या कोरड्या आवाजात सांगितलं आणि बशीत चहा ओतला. मग यानसाठी इंग्रजीत सांगितलं. त्या दिवसापासून साहेब नकाशा बघताना "पाय आत?" असं विचारायचे आणि यान तिकडून मराठीत ओरडायचा, "पाय आत!" मराठीतले त्याला नीट येणारे शब्द एवढेच.

पहिली घरं उभी राहिली. त्यातलं एक सखूबाई आणि सोमा भोये या पेठकडच्या जोडप्याला मिळालं. दोघांनी वर्षभर याच साइटवर विटा दाबल्या होत्या. सखूबाई तर यंत्राच्या दांड्याला अशी लोंबकळायची की यान तिच्यासाठी जागा सोडून उभा राहायचा. घर मिळाल्यावर तिने दारात नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी करून आम्हाला सगळ्यांना वाढली. आणि मृग लागता लागता एके सकाळी ऑफिसात येऊन उभी राहिली.

"साहेब, आमी चाललो गावाला. रोपं पेरायची, मंग आवणी हाय."

आवणी म्हणजे भाताची रोपं खाचरात लावायची. साहेबांनी विचारलं, "परत कधी?"

"भात, नागली सगळी काढून. दिवाळी झाली का येतो."

दोन्ही संस्थांच्या करारात एक कलम होतं. घर सलग तीन महिने बंद राहिलं तर ते परत घ्यायचं आणि यादीतल्या पुढच्या कुटुंबाला द्यायचं. यानने दुसऱ्या एका देशात गरिबांसाठी बांधलेली घरं कुलूपबंद पडून हळूहळू पैसेवाल्यांच्या हातात गेलेली पाहिली होती. म्हणून त्याने ते कलम आग्रहाने घातलं होतं. साहेबांनी आनंदाने सही केली होती.

"घर जाईल तुमचं, सखूबाई," साहेब म्हणाले.

ती हसली. "घर कुठं जाईल? भिताडं तर आमीच उभी केली." आणि गळ्यातल्या दोऱ्यातून किल्ली काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली. "तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. गावाला पान्यात हरवंल."

त्या दिवशी साहेब आणि यान यांचा वाद दार लावून झाला, तरी जिन्यापर्यंत ऐकू येत होता. यानला वाईट वाटत होतं, पण तो हलला नाही. एकाला सूट दिली की उद्या दहा जण कुलपं लावतील, आणि हॉलंडमधले लोक विचारतील की मग करार केला कशाला. शिवाय यादीत पुढचं नाव कासार कुटुंबाचं होतं, तेही बिचारे पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढत होते. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "यानचं बरोबर आहे हो," मला म्हणाले. "सखूबाईचंही बरोबर आहे. आता मी कुणाशी भांडू?" पुढच्याच आठवड्यात यान सुट्टीवर मायदेशी गेला. परत आल्यावर घरोघर पाहणी करायची, असं ठरलं होतं.

यान गेला आणि दोन दिवसांनी साहेब ऑफिसात आले नाहीत. सह्या हव्या होत्या म्हणून मी त्यांच्या घरी गेले. ते जवळच, गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत भाड्याने राहायचे. सुमनवहिनी दारातच म्हणाल्या, "ते गेले भोयांच्या घरी पाहुणे म्हणून राहायला. घरात चांगली खाट आहे, पण ह्यांना जमीन पाहिजे. हा डबा घेऊन जा. आणि डबा दिला म्हणजे मला पटलंय, असं मुळीच सांगू नका."

साहेब भोयांच्या घरात वळकटी सोडून बसले होते. शेजारी वातीचा स्टोव्ह, कोपऱ्यात छत्री.

"साहेब, हे काय?"

"कलम काय म्हणतं? घर बंद नको. बंद कुठंय? मी आहे ना."

"पण तुम्ही भोये नाही."

"भोयांचा पाहुणा आहे. किल्ली त्यांनीच दिलीय. पाहुणा राहतो त्या घराला कुणी बंद घर म्हणतं का, आहेरबाई?"

पुढचे दोन महिने आमचं अर्धं ऑफिस त्या घरातून चाललं. मी छत्रीत नकाशांची गुंडाळी धरून चिखलातून जायची, साहेब जमिनीवर पसरून बघायचे. शिरसाठांची सून भाजी आणून द्यायची. तिच्या आत्याबाई खाटेवरून हाक मारून साहेबांना जेवलात का विचारायच्या. पश्चिमेची भिंत ओल धरते, हेही साहेबांना तिथे झोपूनच कळलं. "वळचण हातभर वाढवा सगळ्या घरांची," असं त्यांनी मला नकाशावर लिहायला लावलं. त्या ओलीने त्यांना खोकला धरला. मी म्हटलं, आता पुरे. तर म्हणाले, "भिंत खोकली असती तर बरं झालं असतं, लवकर कळलं असतं."

श्रावणात यान आला आणि पाहणीला निघाला. पाऊस संततधार. एकेक घर बघत आम्ही भोयांच्या दारात पोचलो. दार उघडं होतं. आत पगारेसाहेब उताणे पडलेले, तोंडावर रुमाल, उशाशी गळतीखाली ठेवलेलं पातेलं. यानने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. साहेबांनी रुमाल न काढताच विचारलं, "कोण आहे?"

यानला सगळं उमगायला वेळ लागला नाही. तो रागावेल, असं मला वाटत होतं. त्याने बूट काढले, वाकून आत आला आणि साहेबांच्या शेजारी आडवा झाला. ते घर आमच्या मापाने बांधलेलं. यानचे पाय घोट्यांपासून उंबऱ्याबाहेर गेले आणि मोज्यांवर पाऊस पडू लागला. काही वेळ दोघेही तसेच पडून राहिले. मग यान उठून बसला, ओले मोजे पिळले आणि म्हणाला, "ती बाई कुठे राहते ते मला दाखवा."

दुसऱ्या दिवशी आम्ही पेठच्या एसटीने गेलो. सखूबाई खाचरात गुडघाभर चिखलात वाकलेली होती. तिकडे आवणी अजून उरकायची होती. यान पँट दुमडून खाचरात उतरला. तिने त्याच्या हातात रोपांची जुडी दिली, त्याने लावलेली ओळ बघितली, निमूटपणे उपटली आणि पुन्हा सरळ लावली. यानने साहेबांकडून विचारून घेतलं, तुमचं खरं घर कुठलं, हे की नाशिकचं?

"दोनी," सखूबाई म्हणाली. "हितलं भात सा महिनं पुरतं. बाकीचं तिकडच्या मजुरीवर. एका घरात बसून कसं भागंल?"

परतीच्या एसटीत यान खिडकीबाहेर बघत होता. नाशिकला पोचल्यावर त्याने टाइपरायटर मागवला आणि कलमात दुरुस्ती सुचवणारा मजकूर साहेबांशेजारी बसून तयार केला. शेतीच्या हंगामापुरतं गेलेल्या कुटुंबाचं घर बंद धरू नये. हॉलंडहून होकार यायला दिवाळी उजाडली. सखूबाई नागलीचं गाठोडं घेऊन परत आली तेव्हा साहेबांनी तिला किल्ली दिली आणि म्हणाले, "पाहुणचार चांगला झाला." मधे काय काय घडलं ते आम्ही तिला नंतर सांगितलं. कासारांना पुढच्या रांगेत घर मिळालं. आणि ती दुरुस्ती त्या विद्यापीठाने पुढे दुसऱ्या देशांतल्या करारांतही ठेवली, असं यानने नंतर कळवलं. कुठल्या तरी अनोळखी मुलखात एखादी सखूबाई पेरणीला जाताना निर्धास्त कुलूप लावत असेल, हे मनात आलं की मला अजून पगारेसाहेबांचा फार अभिमान वाटतो.

साहेबांनी स्वतःचं घर बांधलं नाही. वसाहतीत घ्या म्हटलं तर म्हणायचे, यादी बनवणाऱ्याने यादीत बसू नये. रिटायर झाल्यावरही त्याच दोन खोल्यांत राहिले. खोकल्याचा पुढे दमा झाला. सुमनवहिनी त्या पावसाळ्याला दोष द्यायच्या, आणि साहेब लगेच विषय बदलायचे. त्या दम्यात त्यांनी दोन पावसाळे काढले, आणि तिसऱ्यात, आषाढात, गेले.

मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. पुढची खोली लहान, त्यात कपाट, खाट, मधे सतरंजीवर साहेबांना ठेवलेलं, उशाशी बुद्धाची तसबीर आणि मेणबत्ती. सुमनवहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. बाहेर पाऊस. कुणी तरी पेठच्या एसटीच्या कंडक्टरकडे निरोप दिला होता, पण सखूबाई येईल असं वाटलं नव्हतं, आवणीचे दिवस होते. ती आली. पोटऱ्यांना खाचराचा चिखल तसाच. दारापाशी थबकली आणि खाली बघत राहिली. मग मीही बघितलं. माणसांच्या दाटीत धक्के लागून सतरंजी सरकत सरकत दाराकडे आली होती आणि साहेबांचे पाय उंबऱ्यावरून बाहेर गेले होते. पांढऱ्या चादरीचं टोक भिजलं होतं. इतक्या जणांत ते आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"साहेबांचं पाय भायेर हायेत," सखूबाई म्हणाली. "आत घ्या."

सगळे उठले. खाट उचलून मागच्या खोलीत नेली, कपाट सरकवलं. मग सखूबाईने, मी आणि शिरसाठांच्या सुनेने सतरंजीची टोकं धरून साहेबांना हातभर आत ओढलं. सखूबाईने पदराने त्यांची पावलं पुसली. मला तिथेच रडू कोसळलं. थोड्या वेळाने माणसं त्यांना उचलून बाहेर नेणारच होती. पण तोवर ते पुरते घरात होते.