वीतवाल्या सरांचं घर

कोणाच्याही घरी गेले की आमचे सर चपला काढायच्या आधी दाराला वीत लावायचे. चौकटीला करंगळी टेकायची आणि मग हात सुरवंटासारखा चालत पलीकडच्या चौकटीला जायचा. लग्नघर असो की मयतीचं घर, वीत आधी, रामराम मागून. म्हणून आयटीआयमध्ये त्यांचं नाव वीतवाले सर. त्यांना ते माहीत होतं. "वीतवाले काहून म्हणता? टेप इसरलेले सर म्हणा न," असं म्हणून स्वतःच हसायचे.

दिग्रसजवळच्या आमच्या तांड्यावर ते आले, कारण मी आयटीआय सोडून घरी बसले होते. पोरीच्या जातीनं नकाशे काढून काय करायचं, असं बानं ठरवलं होतं. सर आले आणि एक शब्द न बोलता दार मोजायला लागले. माझ्या याडीला, म्हणजे आईला, वाटलं, अतिक्रमण काढणारे आले. ती दारात आडवी झाली. "मोजून कायले राह्यले? घर आमचंच हाय!"

"तुमचंच हाय माय," सर म्हणाले. "पण दार लय चांगलं बसवलं. डोक्यावर गाठोडं असलं तरी वाकावं लागत नाही. कोणं केलं?"

दार बानं स्वतः केलं होतं. आजवर कोणी त्याबद्दल विचारलं नव्हतं. मग लाकूड कुठून आणलं, उंची कशी धरली, कापसाचं गाठोडं घेऊन याडी आत आली तरी अडली नाही पाहिजे म्हणून काय केलं, हे सगळं बा सांगत बसला. चहा झाला. उठताना सर एवढंच म्हणाले, "दादा, तुमची पोरगी हेच शिकून राह्यली. फक्त कागदावर." सोमवारी मी एसटीत होते. पुढं डिप्लोमा केला, मग डिग्री. आमच्या तांड्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

आमचा ट्रेड आरेखकाचा, म्हणजे इमारतींचे नकाशे काढायचा. वर्गात सर ओरडत नसत. पण कोणी पट्टी धरून रेघ ओढताना शेजाऱ्याशी बोललं की तिथं येऊन उभे राहत. "रेघ ओढताना बोलू नोको. रेघेत आवाज उमटते." आम्ही हसायचो. पण शीट उजेडात धरली की ती गप्पांची जागा खरंच दिसायची. रेघ तिथं जाड झालेली असायची.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एका राहत्या घराचा पूर्ण नकाशा काढावा लागे. सरांनी दिलेलं घर जरा अजबच होतं. पायऱ्या नाहीत, उतार. संडास-मोरी झोपायच्या खोलीला लागून. दारं तर अशी रुंद की बैल आत यावा. मारेगावचा एक पोरगा म्हणाला, "सर, हे घर हाय का दवाखाना?" वर्ग हसत सुटला. सरही हसले. म्हणाले, "दोन्ही हाय बाबू."

मग आम्हाला कळलं. काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, एक अंग लुळं पडलं होतं. भाड्याच्या खोलीचं दार इतकं अरुंद की चाकाची खुर्ची बाहेरच ठेवावी लागे. सर त्यांना उचलून आत नेत. गावाबाहेर रस्त्याला लागून सरांनी प्लॉट घेतला होता. आम्ही काढत होतो ते त्यांचंच घर.

एकदा काकूंनी हट्ट धरला, माझं घर मला दाखवा. सरांनी त्यांना आयटीआयच्या व्हरांड्यात आणलं आणि आम्ही शीट घेऊन भोवती उभे राहिलो. काकू ठेंगण्या, त्यात एका अंगावर कललेल्या. सगळं नीट पाहिलं. देवघर पसंत पडलं. मग म्हणाल्या, "आन खिडकी केवढ्यावर हाय?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. "जमिनीपासून तीन फुटांवर, काकू."

समोर व्हरांड्याचा कठडा होता. काकूंनी त्याच्याकडे बोट केलं. "एवढ्यावर? मंग मले नुसतं आभाळच दिसन. आभाळ पाहून पाहून त कटाळली न मी बाप्पा! मले रस्ता पायजे. बजाराले जाणाऱ्या बाया पायजे."

सर त्यांच्या खुर्चीच्या चाकाशी फरशीवर बसले. काकूंच्या डोळ्यांइतकं डोकं खाली घेतलं आणि कठड्याकडे पाहत राहिले. उठले तेव्हा म्हणाले, "दोन फूट करा रे."

"आन खिडकीत मी दिसली की आवाज देजा," काकू आम्हाला म्हणाल्या, जसं घर उद्याच होणार होतं. त्या दिवशी सगळ्या वर्गानं खिडक्या पुसून खाली घेतल्या.

काम सुरू झालं. सुट्टी झाली की सर प्लॉटवर. दोन फुटांवर खिडकीची जागा सोडून भिंती वर चढल्या, आता चौकट बसायची, आणि काकूंना यवतमाळला दवाखान्यात न्यावं लागलं. त्या परत आल्या नाहीत.

तेरवीनंतर सर वर्गात आले. फळ्यावर जिन्याचा छेद काढला, नेहमीसारखा स्वच्छ. मिस्त्री बाहेर थांबला होता. दाराशी येऊन चाचरत म्हणाला, "सर, आता खिडकी वर घ्याची का? खालच्या खिडकीले चोराचं भेव राह्यते."

सरांच्या हातात खडू होता. "थांब जरा," म्हणाले.

मिस्त्री थांबला. काम थांबलं, ते थांबलंच. निवृत्त झाल्यावर सर भावाकडं गेले आणि प्लॉट विकला.

आज मी यवतमाळात नकाशे करते. मध्यंतरी एक जोडपं आलं. जागेचा कागद पाहिला. सरांचाच तो प्लॉट. बाई म्हणाल्या, "जुन्या भिंती आहेत थोड्या. जोतं चांगलं आहे, ते ठेवू. पण खिडक्यांची जागा फार खाली सोडली आहे हो. अशा कशा सोडल्या असतील?"

मी मापं लिहून घेतली. ते गेल्यावर सरांना फोन लावला. सगळं सांगून विचारलं, "सर, खिडकी दोनवरच ठेवू का? मी समजावते त्यांना."

सरांनी उलट मलाच विचारलं, "कोण राहणार हाय तिथी?"

"नवरा-बायको. नोकरीवाले. एक लहान लेकरू आहे, रांगतं."

"मंग तीनच घे पोरी," सर म्हणाले. "लेकरू चढते न पडते."

एवढं बोलून, जेवली का, म्हणून विचारलं आणि फोन ठेवला.

मी खिडकी तीन फुटांवर घेतली. नकाशा मंजूर झाला. त्यात काही चूक नव्हती.