कोरडा डोळा

हॉस्पिटलजवळच्या धर्मशाळेच्या सामाईक स्वयंपाकघरात काल हे कांदा चिरत होते. उजव्या डोळ्यातलं पाणी गालावर आलं, डावा मात्र कोरडाच. शेजारच्या शेगडीपाशी बसलेल्या काकू म्हणाल्या, "भाऊजी, एकाच डोळ्यानं रडताय? दुसरा रुसला का?"

हे हसले. मला हसू आलं नाही. यांच्या डाव्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, जीव वाचला. पण त्या बाजूच्या डोळ्याची जाणीव गेली. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, "कचरा गेला तरी यांना कळणार नाही. बुबुळाला जखम होऊन नजर जाईल. दुखत नाही म्हणून निवांत राहू नका."

मी सातवीत शाळा सोडलेली. देवाकडं आजवर एकच मागत आले, घरात कुणाला काही दुखू नये. दुखणंसुद्धा राखण करतं, हे गावापासून इतक्या लांब येऊन कळलं. आता ती राखण माझ्याकडं. सारखी यांना खिडकीशी नेते, डोळ्यात बघते, औषधाचे थेंब घालते.

"सापडलं का काही?" हे विचारतात.

"नाही," म्हणते, आणि यांचा जीव वाचवणाऱ्या डॉक्टरांना मनातच हात जोडते.

आजही कांदा यांनीच घेतला. मी समोर बसून त्या कोरड्या डोळ्याकडं बघत राहिले. बघता बघता पाणी आलं, ते माझ्याच दोन्ही डोळ्यांना.