सोफा अंगणात, तख्त बैठकीत

मंडळी, आज डोकं लई गरम आहे. नवा सोफा सकाळपासून अंगणात पडलाय, कारण बैठकीतलं जुनं सागवानी तख्त घराबाहेर निघेचना.

निजामाच्या काळातलं हे तख्त निम्मी खोली खातं. त्याच्या नक्षीदार पायांना ठेचकाळून माझ्या करंगळीची पार वाट लागलीय.

आज येरमाळ्याहून सुतार अन् चार गडी बोलावले. त्यांनी तख्त आडवं केलं, उभं केलं, तिरकं केलं. दारात अडकलंच. सुतार म्हणाला, "ताई, करवत लावावी लागंल."

मी वैतागून सासऱ्यांना विचारलं, "मामा, मग हे आत आलं तरी कसं?"

"मोठ्या दारानं," ते शांतपणे म्हणाले. "मी सात-आठ वर्सांचा असंन. गावावर रझाकारांची धाड येणार म्हणून माझ्या वडलांनी, आबांनी, भीतीपायी ते दार चिणून टाकलं. निजाम गेला, पर दार कुणी उघडलंच न्हाय."

"कुठं होतं ते?"

त्यांनी बोट दाखवलं. तिथं आमचा टीव्ही आहे, अन् मी हौसेनं लावलेला वॉलपेपर.

पंचवीस वर्षं मी तख्ताला नावं ठेवली. वाट अडवून बसली होती भिंत, अन् तिलाच मी नटवत होते.

आता तुम्हीच सांगा, करवत आणू का पहार?