काकाजींच्या घाणीचं पत्र

नामदेव काकाजी पत्र वाचून दाखवताना कागदाकडे बघतच नसत. ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. पवनारला, वर्ध्याहून येणारी बस थांबते तिथून दोन मिनिटांवर त्यांची तेलाची घाणी होती. लाकडी घाणी, वर पट्टा, पट्ट्याला मोटर. तेल काढून झालं की उरलेली ढेप न्यायला बाया यायच्या. दुभत्या जनावराला ती लागतेच. टोपलं डोक्यावर घेऊन निघालेल्या बाईला काकाजी हटकायचे, "ऐक न माय जरा," म्हणायचे आणि त्या महिन्याचं पत्र सुरू करायचे. बाई बिचारी ओझ्यासकट उभी. एखाद्या वाक्याला तिचा हात आपोआप चुंबळ सारखी करायला वर गेला, की काकाजी थांबून ते वाक्य खोडत. "बाईचा हात चुंबळीले गेला म्हंजे वाक्य जड झालं," असा त्यांचा हिशेब. मी एम.ए. मराठी. मला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मी तेव्हा वर्ध्यात टायपिंग इन्स्टिट्यूट चालवायचो. सकाळ-संध्याकाळ पोरंपोरी टकटक करायची, मधल्या वेळात मी लोकांचे अर्ज, पत्रकं, निमंत्रणं स्टेन्सिलवर टाइप करून सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर प्रती काढून द्यायचो. नव्वद-एक्याण्णवची गोष्ट असेल. एक दिवस दुपारी धोतर-सदऱ्यातला, साठीकडे झुकलेला माणूस आला. अंगाला जवसाच्या तेलाचा वास. वहीच्या पानावर पाच-सात ओळी लिहून आणल्या होत्या, त्याच्या चाळीस प्रती हव्या होत्या. "शनिवारी जवस काढला. रविवारी शेंगदाणा काढू. ताज्या तेलाला फेस येतो. घाबरू नका. आच कमी करा, फेस बसतो." असलं काहीतरी. मला दया आली. मी म्हटलं, बाबाचं काम जरा नीट करून देऊ. 'सुज्ञ ग्राहकांस सविनय निवेदन' पासून सुरुवात करून मी त्यात 'शुद्ध, सात्त्विक, आरोग्यवर्धक' अशी तोरणं बांधली.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी तो कागद हातात धरून दोनदा उलटसुलट केला. "मास्तर, हे कोनाचं पत्र हाय?"

"तुमचंच. जरा सुधारून दिलं."

"सुधारलं खरं. पन याच्यात मी कुठी दिसून नाई राह्यलो. अन् फेसाचं काय झालं जी? बाया मले रोज तेच इचारतात." मग माझा पडलेला चेहरा बघून हसले. "तुमची भाषा लग्नातली हाय. मले रोजची पाह्यजे." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण चाळीसही प्रती फुकट गेल्या होत्या आणि तरी त्यांनी जुन्या-नव्या दोन्ही खेपांचे पैसे दिले, तेव्हा राग गिळला.

तिथून दर महिन्याला ते यायचे. गावातल्या दुसऱ्या दोन घाण्या आधीच बसल्या होत्या. काकाजींची वडिलांपासूनची, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत बंद पडू नये एवढाच त्यांचा ध्यास होता. "मले काही लेखक नाई व्हाचं, मास्तर," ते म्हणायचे. "मले घाणी चालती ठेवाची हाय. लोकं दुकानात जाऊन तेल घेतात, कारन दुकान रस्त्यात पडते. मी रस्त्यात पडत नाई. म्हनून महिन्यातून एकडाव मीच त्यांच्या दारी जातो." पण दारी जाऊन 'घ्या घ्या' करायचं नाही. पत्रात तिळाची चटणी टिकवायची कशी, जुना शेंगदाणा ओळखायचा कसा, डब्याच्या तळाचा गाळ कशाच्या कामी येतो, हे सगळं असायचं. तेलाची एकच ओळ, तीही शेवटी: या महिन्यात काय काढलं. मी एकदा म्हटलं, "काकाजी, एवढं लिहिता, 'आमचंच तेल घ्या' हे तरी टाका." तर म्हणाले, "पाहुना जेवत असला तं आपल्या पोरीचं स्थळ काढू नये. जेवू द्यावं. त्याले आवडलं तं तो खुद्द इचारते."

पत्र वाढलं कसं, हे मी डोळ्यांनी पाहिलं. मी सुचवलं होतं की मतदार यादी आणू, धडाधड पत्ते उतरवू. काकाजी भडकले. "बोलावल्याबिगर कोनाच्या घरी जाऊ नये, कागदानंही जाऊ नये." ज्याचं पोस्टकार्ड येईल त्यालाच पत्र. आणि दर पत्रात एका वाचकाचा प्रश्न, त्याच्या नावागावासकट. गिरडच्या एका बाईनं विचारलं होतं की थंडीत तेल गोठतं ते भेसळीनं का? काकाजींनी तिचं पूर्ण नाव छापलं, खाली उत्तर दिलं. पुढच्या महिन्यात एकट्या गिरडहून अकरा पोस्टकार्डं. "नाव छापलं का मानूस तो कागद फाडत नाई, शेजाऱ्याले दाखवते," ते मिश्किलपणे म्हणाले. आर्वी, आष्टी, हिंगणघाट, कुठून कुठून कार्डं यायला लागली. चाळिसाचे सहाशे कधी झाले कळलं नाही. माझ्या यंत्राचा दांडा फिरवून फिरवून खांदा भरून यायचा, पण मलाही झिंग चढली होती हो! लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे, "मास्तर, या महिन्याचं घाणीचं पत्र निघालं का?"

आणि मग तो महिना आला. जवस खळ्यावर असताना अवकाळी झोडपून गेला. काकाजींनी घेतलेलं बी आतून ओलं होतं, हे घाणीत पडल्यावर कळलं. तेलाला कडवट चव. दुसरा कुणी असता तर त्यात शेंगदाण्याचं मिसळून मोकळा झाला असता. काकाजी पत्र घेऊन आले, तर पहिलीच ओळ: "या महिन्यात आमच्याकडून तेल नेऊ नका. बी भिजलं होतं, तेल कडू उतरलं आहे. पुढच्या महिन्यात परत या."

मी खुर्चीतून उठलोच. "काकाजी, हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! 'साठा मर्यादित आहे' म्हणा. 'दुरुस्तीसाठी बंद' म्हणा."

"मोटर तं चालू हाय."

"अहो, लोकांना काय माहीत?"

"त्याइले माहीत नाई म्हनूनच तं सांगाचं," ते म्हणाले. "सहाशे लोकं माह्यावर भरोसा ठेवून राह्यले, मास्तर. मी लिहिलं का ते तसंच करतात." मी मुकाट्यानं टाइप केलं. वाक्य इतकं स्वच्छ होतं की त्यात हात घालायला जागा नव्हती.

लोकांनी तसंच केलं. झाडून सगळ्यांनी. त्या महिन्यात घाणीवर कुणी फिरकलं नाही. त्याच सुमारास आमच्याकडे गल्लोगल्ली दुकानांत पाकिटातलं तेल लटकायला लागलं होतं. एक महिन्यापुरतं म्हणून लोकांनी ते नेलं. वास नाही, डबा घेऊन पवनारला जायला नको, हात तेलकट होत नाहीत. पुढच्या महिन्यात चांगला जवस मिळाला, काकाजींनी तेल काढलं, पत्रात लिहिलं. लोकांनी पत्र वाचलं. ढेपेच्या बाया आल्या, तेलाचे डबे आलेच नाहीत. आणि गंमत बघा, पोस्टकार्डं दुप्पट! "असा प्रामाणिक माणूस पाहिला नाही," "आमच्या जावयालाही पत्र सुरू करा." कडू तेलाचा तो कागद हातोहात फिरला होता. पत्र आठशेवर गेलं आणि घाणी आठवड्यातून दोन दिवसांवर आली. काकाजी खचले नाहीत, निदान दाखवलं नाही. पत्र आणखी सोपं करायचे, आणखी कामाचं करायचे. तीन-चार वर्षं त्यांनी अशी रेटली. प्रत्येक पत्र आधीच्यापेक्षा सरस आणि प्रत्येक महिन्याला तेल आधीपेक्षा कमी. मला बघवत नसे.

आता माझं सांगतो. ते सांगितल्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. आमच्या घरीही त्या महिन्यात पाकीट आलं होतं. सुमन, माझी बायको, म्हणाली, एवढा महिना राहू द्या. पोरांना ते तेल आवडलं. पुढच्या महिन्यात मी डबा काढला, तर ती म्हणाली, आहे अजून. त्याच्या पुढच्या महिन्यात मी डबा काढलाच नाही. काकाजींनी एकदा सहज विचारलं, "मास्तर, तुमचा डबा नाई आला?" मी सांगितलं, सासुरवाडीहून करडईचं येतं आता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. आठशे लोकांना ज्या तेलाचं पत्र मी छापून पाठवत होतो, ते माझ्याच चुलीवर नव्हतं.

एक दिवस काकाजी पत्राचा मजकूर घेऊन आले, बस चुकली होती, जेवायची वेळ. घर इन्स्टिट्यूटच्या मागेच. सुमननं त्यांना सोडलं नाही. वांग्याची भाजी होती, वर लाल तर्री. काकाजींनी भाकरीचा तुकडा तर्रीत बुडवून तोंडात घातला आणि चावायचे थांबले. अगदी क्षणभर. मग खाली मान घालून जेवले. भाजी परत मागितली. "छान झाली माय," म्हणाले. पानात काही ठेवलं नाही.

दारात चपला घालताना म्हणाले, "सासुरवाडीचं तेल चांगलं हाय, मास्तर."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. "काकाजी, चुकलं माझं."

"तुमचं काऊन चुकलं? मीच लिहिलं होतं, नेऊ नका म्हनून. तुमी ऐकलं." एक पायरी उतरले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पन 'परत या', हेही त्याच कागदावर होतं जी."

पंधरा दिवसांनी शेवटचं पत्र आलं. "घाणी बंद केली. मोटर विकली. आता कोणतंच तेल मिळणार नाही. हे शेवटचं पत्र." मी गयावया केली की एकदा तरी लोकांना सरळ सांगा, तुम्ही तेल नेलं नाही तर घाणी बसते. एकदा मागून तर बघा! काकाजी म्हणाले, "मांगाचंच असन तं हात पसरावा. पत्र कायले पसराव?" मी ती चार वाक्यं टाइप केली. माझं टायपिंग मिनिटाला साठ शब्दांचं. त्या दिवशी त्याला अर्धा तास लागला.

महिनाभरानं काकाजी कापडी पिशवी घेऊन आले. पिशवीत पोस्टकार्डं, शेकड्यानं. असा पाऊस त्या पत्राला कधीच पडला नव्हता. माझ्या टेबलावर त्यांनी ती ओतली आणि म्हणाले, "वाचा." मी एकेक वाचू लागलो. वाईट वाटलं. आमच्या घरी सगळे वाचायचे. आईला वाचून दाखवायचो. कृपा करून पत्र बंद करू नका. पत्र पाठवत राहा, तेल नसलं तरी चालेल. तेल नसलं तरी चालेल. निरनिराळी गावं, निरनिराळी अक्षरं, वाक्य तेच. सातव्या-आठव्या कार्डावर काकाजींनी माझ्या हातावर हात ठेवला.

"मास्तर, आपन तेल इकत होतो न?"

मी चाचरत म्हटलं, लोक एवढं मागताहेत तर पत्र तरी चालू ठेवा, छपाईचं मी बघतो. ते उठले. "कायचं पत्र? तेल काढलं तं सांगाले काही राह्यते. रिकाम्या घाणीजवळ बसून का गप्पा लिहू?" कार्डं तिथेच टाकून गेले. मी ती पिशवीत भरून पवनारला नेऊन दिली, तर त्यांनी घेतली नाहीत.

पुढे ते फार बोलत नसत. मी जायचो, आम्ही बसायचो, चहा व्हायचा. दोन हिवाळे काढून गेले. नदीवर नेलं तेव्हा माणसं बरीच होती. कितीतरी जण निरनिराळ्या तालुक्यांतून आलेले, मला ओळख देत होते, मास्तर, पत्र तुम्हीच छापायचे ना, म्हणून. त्यातल्या एकानेही तेलाचं नाव काढलं नाही. त्यांना नावं ठेवायला मला तोंड नाही. आमच्याकडे अजूनही पाकीटच येतं. काल संपलं होतं, मीच जाऊन आणलं.