जपानच्या कावळ्याने नेलेला लाडू

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी इतक्यांदा सांगितलंय की बायको आता माझ्या आधीच सांगून टाकते, म्हणजे विषय लवकर संपतो. तालुक्याच्या गावी अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथून मी जर्मनीत कार्ल्सरूहेला येऊन मास्टर्स केलं आणि इथेच नोकरीला लागलो. असल्या माणसाने कावळ्यावर विश्वास ठेवू नये. मी ठेवत नव्हतोच. फक्त अण्णा गेल्यापासून दर पितृपक्षात बाल्कनीत पान वाढून, हात जोडून कावळ्याची वाट बघत उभा राहायचो. आईसाठी.

कावळा यायचा नाही.

कार्ल्सरूहेत कावळे नाहीत असं नाही. ट्रामच्या थांब्यावर सांडलेले तळलेले बटाटे ते केचपसकट खातात. माझ्या वरणभाताकडे मात्र समोरच्या छपरावरून असे बघायचे, जसा चुकीच्या खिडकीवर आलेल्या माणसाकडे क्लार्क बघतो.

फोनवरून आई सांगायची, "अरे, त्यांची काहीतरी इच्छा राहिली असेल. बोल त्यांच्याशी."

मग मी मोठ्याने बोलायचो. "अण्णा, आईला सांभाळीन. अण्णा, दुकान विकणार नाही. अण्णा, सिगरेट सोडली." शेवटचं खोटं होतं, आणि कावळ्यालाही ते माहीत असावं. एकदा खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी मान वर करून सुनावलं की इमारतीच्या नियमाप्रमाणे पक्ष्यांना खायला घालायला मनाई आहे.

"पण ते खातच नाहीयेत!" मी म्हणालो.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आजी म्हणाल्या, "मग ठेवता कशाला?"

आईला यातलं काही सांगून हसवता यायचं नाही. संध्याकाळी तिचा एकच प्रश्न, "शिवला का रे?" मी नाही म्हटलं की ती फोन ठेवून द्यायची. माणूस उपाशी राहिला, असं तिला खरोखर वाटायचं. हो म्हणून मोकळं होता आलं असतं, पण मी स्पष्टवक्ता. त्याचाही मला अभिमान आहे.

गेल्या वर्षीची सर्वपित्री अशीच कोरडी गेली, आणि त्यानंतर लगेच आम्ही दोघं जपान बघायला गेलो.

नारा शहरातली हरणं माणसाला वाकून नमस्कार करतात, असं वाचलं होतं. मी पदवीधराला शोभेल इतपत वाकलो. हरीणही वाकलं. मी खूश होऊन पुन्हा वाकलो, तेवढ्यात मागून दुसऱ्याने माझ्या शर्टाचं टोक चावून फाडलं. बायको म्हणाली, "एकाने नमस्कार करायचा, दुसऱ्याने कपडे काढायचे. चांगली टोळी आहे."

तोच शर्ट घालून पुढे फुजीसमोरच्या तळ्यावर गेलो. फुजी ढगात. तळ्याकाठी एक पाटी होती: कावळा, माणूस, माणसाच्या हातातलं खाणं आणि वर लाल फुली. जर्मनीत राहून मला प्रत्येक पाटी वाचायची सवय लागलीय. ही मी वाचली, बायकोला समजावून सांगितली आणि डब्यातून बेसनाचा लाडू काढला. लाडू मीच वळलेले, त्यामुळे दगडासारखे.

"ढग हटतायत रे! हात वर कर, लाडू दिसू दे फोटोत," बायको ओरडली.

मी हात वर केला. डोक्यावर काहीतरी फाडकन आपटलं, मी "आई गं!" म्हणून खाली बसलो, आणि उठेपर्यंत फुजी पुन्हा ढगात गेला होता. मला तो दिसलाच नाही. फोटोत मात्र स्वच्छ आलाय. मागे फुजी, मध्ये चोचीत लाडू धरलेला आडदांड कावळा आणि खाली फाटक्या शर्टात ओणवा मी.

आईने हसावं म्हणून फोटो तिला पाठवला. तिने लगेच फोन केला. फुजीबद्दल एक शब्द नाही.

"कावळाच का रे तो?"

"हो, पण जपानचा."

"काय नेलं त्याने?"

"लाडू. बेसनाचा."

मग आई हसायला लागली. अण्णा गेल्यापासून असं हसणं ऐकलं नव्हतं.

"चोरटा कुठला! गेला तरी सवय गेली नाही!"

अण्णांना मधुमेह होता. आई लाडूचा डबा तांदळात पुरून ठेवायची. मग अण्णा मागून येऊन माझ्या हातातला लाडू पळवायचे आणि चावत चावत दुकानाकडे सुटायचे. आणि पितृपक्षातलं पान? तेही आईच फोनवरून ठरवायची. त्यातली खीरसुद्धा बिनसाखरेची.

"आई, तिथले कावळे सगळ्यांचंच पळवतात," मी म्हणालो. "तशी पाटी आहे तिथे."

"असू दे पाटी. त्यांना कुठे वाचता येत होतं?"

ज्याला वाचता येत होतं, तो फोटोत ओणवा होता.

"मग पुढच्या वर्षी बाल्कनीत लाडू ठेवू?"

"ठेव," आई म्हणाली. "पण लहान वळ हो. साखर होती त्यांना."